डीएनए किटचे पैसे ठेवा, आधी कंबर मोजा

ठाण्यात घोडबंदर रोडला बघा नाहीतर इकडे ऐरोली-घणसोलीला बघा, टॉवरवाल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक पोस्टर फिरतंय, कंपन्या वेगवेगळ्या पण मजकूर तोच. ट्यूबमध्ये थुंकी द्या, काही आठवड्यांनी रिपोर्ट घ्या, तुमच्या जीन्सनुसार (म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांनुसार) डाएट प्लॅन, रविवारी क्लबहाऊसला कॅम्प, सोसायटीला स्पेशल डिस्काउंट. आमच्याकडे तर कमिटीतल्या एकांनी सुचवलं की सोसायटीच्या फंडातूनच सगळ्यांचं करून घेऊ, आणि आयटी पार्कातल्या एकदोन ऑफिसात वेलनेस बजेटमधून हेच चाललंय असंही कानावर आलंय. ऐकायला झकास वाटतं. माझं मत मात्र विरोधात आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण "जीन्स-बिन्स सगळं थोतांड, तोंडावर ताबा ठेवा" असं म्हणून विषय उडवून लावणारेही तितकेच चुकतायत, किंबहुना त्यांच्यामुळेच ही किटं खपतायत असं मला वाटतं.

जीन्सचा वजनावर परिणाम होतो यात वादच नाही. अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास छापला होता, त्यात लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी होती, आणि मोठेपणी त्यांचे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) एकमेकांशी जवळजवळ तितकेच जुळत होते जितके एकाच घरात एकाच ताटात जेवून वाढलेल्या जुळ्यांचे जुळतात. म्हणजे आपल्या बायका जे म्हणतात ना, "मी हवा खाल्ली तरी अंगी लागते आणि ही बया पातेलं रिकामं करते तरी काडीची काडीच", त्यात तथ्य आहे. भूक किती लागते, पोट भरल्याचं कधी कळतं, खाल्लेलं कुठं साठतं, हे सगळ्यांचं सारखं नसतं आणि ते आपण निवडून घेतलेलं नसतं.

आणि हे जाहीरपणे सांगायची गरज आहेच. आपल्याकडे जाड मुलीला काय काय ऐकावं लागतं ते मी नव्याने लिहायला नको, हळदीकुंकवाला आलेली बाई हातावर तिळगूळ ठेवता ठेवता "जरा कमी कर गं, लग्नाचं बघायचंय ना आता" असं म्हणून जाते आणि सगळे हसतात. एका ओळखीच्या वहिनींनी ते किट घेतलं, आणि रिपोर्टमध्ये "हाय रिस्क" वाचून त्या रडल्या, दुःखाने नाही, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. "बघा, माझा दोष नाहीये, लिहिलंय इथं." मला ते समजतं. पण सासूबाईंना गप्प करायला काही हजार रुपयांचा कागद लागावा, ही आपल्या घरांची शरमेची गोष्ट आहे, त्याने किटची गरज सिद्ध होत नाही.

तो रिपोर्ट मी बघितला. भरगच्च पीडीएफ, रंगीत मीटर, हिरवा-पिवळा-लाल. वर एफटीओ नावाच्या जीनपुढे लाल बाण. आणि खाली सल्ला काय, तर ऑलिव्ह ऑइल वापरा, किन्वा खा, अव्होकाडो खा, दिवसाला अर्धा तास चाला, तळलेलं आणि गोड कमी करा. आता शेवटची दोन वाक्यं नाक्यावरचे एमबीबीएस डॉक्टर फुकटात सांगतात, आणि किन्वा-अव्होकाडोचं वहिनींच्या डीएनएशी काय नातं आहे ते मला अजून कळलेलं नाही, नाचणी-ज्वारी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नसावी इतकंच.

एफटीओचं आता ऐकाच, कारण या रिपोर्टांचा हा हीरो. २००७ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी याचा वजनाशी संबंध सापडल्याचं छापलं, साधारण ३९ हजार लोकांचा डेटा होता. जीनचा थोडा वेगळा नमुना म्हणजे व्हेरियंट, आणि प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या, एक आईकडची, एक वडिलांकडची; ज्यांच्याकडे रिस्कवाल्या व्हेरियंटच्या दोन्ही कॉप्या आहेत (त्या युरोपियन लोकांत असे १६ टक्के) त्यांचं वजन एकही कॉपी नसणाऱ्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त. तीन किलो! वजनाशी संबंध असलेल्या, जगभर नेहमी आढळणाऱ्या व्हेरियंटांमध्ये हा सगळ्यात जोरदार, आणि त्याची कमाल ही इतकी. दिवाळीच्या आठवड्यात आपण यातलं निम्मं चढवून घेतो. पुढे २०१५ मध्ये तर असं दिसलं की हा व्हेरियंट बसलेला आहे एफटीओमध्ये पण चरबीच्या पेशींमध्ये कंट्रोल करतो लांबच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जीन्सना, म्हणजे पत्ता एका बिल्डिंगचा आणि कुरिअर शेजारच्या बिल्डिंगला. रिपोर्टवर मात्र अजून एफटीओच्याच नावाने लाल बाण.

बरं, जीन्सवरून डाएट ठरवता येतं का, हा तर सरळ तपासून बघण्यासारखा प्रश्न, आणि तो तपासलाय. स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांच्या टीमने ६०९ लोकांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्ब डाएटवर ठेवलं, २०१८ मध्ये निकाल आला. लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, फरक नगण्य. ज्याच्या जीन्सना जे डाएट सूट होईल असा अंदाज होता त्याला ते दिल्याने जास्त फायदा झाला का? नाही झाला. दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं, पण कोणाचं उतरणार ते जीन्सवरून सांगता आलं नाही. मला वाटतं क्लबहाऊसमध्ये टेबल मांडून बसलेल्या त्या टायवाल्या पोराला हा एकच प्रश्न विचारावा, की बाबा या ट्रायलबद्दल तुमचं म्हणणं काय.

आता मुद्दा लोकसमूहांचा, म्हणजे "आम्हा भारतीयांची बॉडीच वेगळी" हा जो डायलॉग आहे त्याचा. यात अर्धं खरं आहे, आणि ते खरं आपल्याच मातीतून आलंय याचा मला अभिमान आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मशीनवर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दोघेही सडपातळच दिसतात हं, पण आतला हिशोब दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या टीमने पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली होती, आपलं बाळ साधारण २.७ किलो, तिकडचं साडेतीन, आपल्या बाळाचे हातपाय-स्नायू-पोट सगळं बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यामानाने जवळजवळ तेवढीच. बारीक पण आतून चरबीचं, हे जन्मापासूनच.

पण जन्मापासून आहे म्हणजे जीन्समध्येच आहे असं नाही, इथंच लोक उडी मारतात. बाळ नऊ महिने आईच्या पोटात होतं ना. त्याच टीमने पुढे दाखवलं की गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त होता. म्हणजे याच्यात आईच्या ताटात काय पडलं त्याचाही वाटा आला, आणि आपल्या घरांत गरोदर सुनेच्या ताटात सगळ्यांचं झाल्यावर काय उरतं ते आपल्याला माहीत आहे. जीन्सकडेही काही आहेच, २००८ मध्ये लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात एमसी४आर जीनच्या जवळचा एक व्हेरियंट कंबरेच्या घेराशी जोडलेला सापडला, आणि तो युरोपियन लोकांपेक्षा आपल्यात जास्त आढळतो. उलट एफटीओचा रिस्क व्हेरियंट युरोपियन लोकांत आपल्यापेक्षा कॉमन आहे, चीन-जपानकडे अजून कमी. एकाचं पारडं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. याची बेरीज करून "हा समाज जाड होणारा, तो समाज बारीक राहणारा" अशी रँकिंग काढायला गेलात तर हाती काही लागत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकातला साधारण ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. तुमच्यात आणि तुमच्या शेजाऱ्यात जितका फरक आहे त्याच्यावर भारतीय-विलायती हा फरक थोडीशी भर घालतो, बस्स.

सामोआचं उदाहरण मला फार आवडतं, कारण ते सगळ्यांचेच अंदाज उलटे करतं. सामोआच्या लोकांत सीआरईबीआरएफ जीनचा एक व्हेरियंट सापडला, २०१६ साली. पॅसिफिकच्या त्या बेटांबाहेर तो जवळजवळ नाहीच, तिथे मात्र चारातल्या एका कॉपीत. एका कॉपीमागे बीएमआय सव्वा-दीडने वाढतो, म्हणजे एफटीओपेक्षा कितीतरी तगडा. आणि मजा अशी की हा व्हेरियंट असणाऱ्यांना डायबेटीसचा धोका कमी! वजन जास्त, साखर ठीक. आणि आपल्याकडे बीएमआय २२ वाला, शर्ट इन केलेला, काटक दिसणारा माणूस पस्तिशीत मेटफॉर्मिनवर, डायबेटीसच्या गोळीवर. म्हणजे वजनकाटा सामोआत वेगळी गोष्ट सांगतो आणि सानपाड्यात वेगळी. लोकसमूहांतल्या फरकाचा जर काही व्यवहारात उपयोग असेल तर तो इथे आहे.

तो आकड्यात सांगते. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ १५ लाख लोकांच्या नोंदी तपासून असं काढलं की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० वर डायबेटीसचा जितका धोका असतो तितका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच येतो. आता बीएमआय हे माप मुळात एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या एका गणितज्ञाचं, केटले त्याचं नाव, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते मोजायचं होतं, आजारबिजार त्याच्या डोक्यात नव्हते. डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले, २००९ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी मिळून २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला लठ्ठ असं ठरवलं, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०. तरी आजही जिममधल्या मशीनमधून निघणारी चिठ्ठी २४.५ ला "नॉर्मल" छापते आणि माणूस खूश होऊन खालच्या गाडीवर वडापाव खातो. (वडापाववर माझा राग नाही, ठाणे स्टेशनला उतरून कुंजविहारचा न खाता घरी जाणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो.)

मग आपण पंचवीस-तीस वर्षांत इतके का सुटलो? जीन्स एवढ्यात बदलत नाहीत, पिढ्यान् पिढ्या लागतात. याचं शास्त्रातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे पिमा लोक, ते स्वतःला अकिमेल ओओधाम म्हणवतात. यांचे काही भाऊबंद अमेरिकेत ॲरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबाला. ॲरिझोनातल्यांचं नदीचं पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्यांनी वळवलं, शेती गेली, पुढे सरकारी रेशनचं पीठ-साखर-चरबी आली. मेक्सिकोतले अजून हाताने शेती करत होते. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत ॲरिझोनाकडे डायबेटीस ३८ टक्के, मायकोबाकडे ६.९ टक्के. रक्ताचं नातं तेच.

हे वाचायला मायकोबाला जायची गरज नाही, आमच्या इथे गावठाणात या. ऐरोली, दिवा, गोठिवली, घणसोली, ही सगळी आगरी-कोळी गावं. आजोबा मिठागरात नाहीतर भातशेतीत, आजी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला जाणार, ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण, दिवसभर उन्हात कंबर मोडायची. मग एमआयडीसी आली, १९७० ला सिडको आली, जमिनी गेल्या. जमिनीच्या बदल्यात कुणाला नोकरी मिळाली, कुणाला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्यावर बिल्डिंग, खाली गाळे. नातू बाईकवर बसून गल्लीच्या टोकाला दूध आणायला जातो. भाकरी आहे अजून, पण दिवसाकाठी कमरेला जो ताण पडायचा तो गेला आणि रात्री अकराला ॲपवरून चायनीज येतं. हेच वाशीच्या एपीएमसीत गोण्या उचलणाऱ्या माथाडी कामगाराच्या घरात, हेच कोकणातून आलेल्या गिरणीवाल्याच्या नातवाच्या घरात, तो आता आयटी पार्कात नऊ-दहा तास खुर्चीला चिकटलेला असतो आणि घोडबंदरला परतताना आणखी दीड तास गाडीत बसलेला. आजोबांचे जीन्स याच्यात शाबूत आहेत. आजोबांची ढेरी नव्हती, याची आहे.

आणि जीन्सचा प्रभावही जमान्याप्रमाणे कमी-जास्त होतो, हे तर अनेकांच्या गावीच नसतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास चाललाय, तिथल्या डेटावरून २०१५ च्या सुमारास असं छापून आलं की एफटीओचा वजनाशी संबंध दिसतो तो मुख्यतः १९४२ नंतर जन्मलेल्यांत, आधीच्यांत जवळजवळ नाहीच. व्हेरियंट तोच. त्याला जागं करायला गाडी, टीव्ही आणि फ्रीज यावे लागले असणार. याची दुसरी बाजूही आहे, २ लाख १८ हजार लोकांच्या एकत्रित डेटावरून २०११ मध्ये दिसलं की अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे "माझ्या जीन्समध्येच आहे, काय करणार" हे वाक्य त्या जीनच्या बाबतीतही पूर्ण खरं नाही.

रील्समधून फिरणारं आणखी एक प्रकरण, ते सोडून पुढे जाववत नाही. "ब्रिटिशांनी दुष्काळ पाडले म्हणून आपले जीन्स चरबी साठवणारे झाले, म्हणून आपल्याला डायबेटीस." ब्रिटिशांच्या धोरणांबद्दल मला कणभर सहानुभूती नाही, १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर-नगर-पुण्याकडची माणसं मरत असताना धान्य बाहेर चाललं होतं. पण तीन-चार-पाच पिढ्यांत जीन्स असे सरसकट बदलत नाहीत. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या "काटकसरी जीन"च्या कल्पनेची (चरबी साठवणारे जीन्स असलेली माणसं उपासमारीत तगली, म्हणून ते जीन्स टिकले) ही स्वस्त आवृत्ती आहे, आणि त्या मूळ कल्पनेलाही पुढे फारसे पुरावे मिळाले नाहीत, जॉन स्पीकमन यांनी तर विचारलं की दुष्काळात मरतात मुख्यतः लहान मुलं आणि म्हातारी, तेही बरेचसे रोगराईने, मग जाड होण्याची क्षमता असलेला तरुण वाचला असं धरायचं कशाच्या जोरावर. आईच्या पोटात असताना उपासमार झाली तर त्या मुलाच्या शरीरावर परिणाम होतो, हॉलंडमधल्या १९४४-४५ च्या उपासमारीवरून ते नीट दिसलंय. ती एका पिढीची गोष्ट, आणि तिचं औषध आजच्या गरोदर बाईच्या ताटात आहे. तिच्याबद्दल बोलायचं सोडून व्हिक्टोरिया राणीला शिव्या घालत समोसा खायचा, सोयीचं आहे एकूण.

हां, आणि एक आडगल्ली आपल्याकडची खास. "जीन्स" म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात लगेच जात येते. "आम्हा अमक्यांचा बांधाच तसा", "ते तमके, काटकच असतात". भारतात शेकडो वर्षं जातीतच लग्नं झाल्यामुळे काही समूहांत ठरावीक दुर्मीळ आजार जास्त दिसतात हे खरं आहे, पण त्यावरून कुणाच्या पोटाचा घेर जातीवर ठरवणं म्हणजे जुना माल नव्या पाकिटात. सावध राहा, ही मार्केटिंगवाली मंडळी उद्या त्यावरही पॅकेज काढतील.

किटवरचा माझा मुख्य आक्षेप मात्र अजून राहिलाच. अनेक व्हेरियंटांची बेरीज करून रिस्कचे जे स्कोअर काढतात, ते ज्या डेटावर बांधतात तो कोणाचा? २०१९ मध्ये एका आढाव्यात मोजलं होतं, अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ७९ टक्के लोक युरोपियन वंशाचे, जगाच्या लोकसंख्येत ते १६ टक्के. त्याच वर्षी लाखो व्हेरियंट एकत्र करून लठ्ठपणाचा जो स्कोअर आला त्यात सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांत सरासरी १३ किलोंचा फरक दिसला, हे थक्क करणारं आहे, मी नाकारत नाही. पण तो स्कोअर मुख्यतः त्यांच्यावर बेतलेला, दुसऱ्या लोकसमूहांवर लावला की अंदाज ढिला पडतो, आपल्यावर ढिला, आफ्रिकन वंशाच्या लोकांवर तर फारच. आणि आपल्याला सगळ्यात जास्त जे कळायला हवं, म्हणजे वजन न वाढता आतली चरबी कुणाची वाढणार, ते वजनावर बांधलेल्या स्कोअरमधून निघणार कसं? याज्ञिकांच्या टीमला २००९ मध्ये भारतीयांत एफटीओचा डायबेटीसशी संबंध मिळाला तो नुसत्या बीएमआयने पूर्ण समजावता येत नव्हता. म्हणजे तोच व्हेरियंटही इथं जरा वेगळ्या वाटेने जातो. हे इथल्याच लोकांवर शोधावं लागणार.

म्हणून संशोधनावर पैसा घालायला माझा अजिबात विरोध नाही, उलट सरकारने भरपूर घालावा. जीनोम इंडिया प्रकल्पात जवळजवळ १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून झाले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला, हे योग्य दिशेने आहे, त्याच्या कितीतरी पटीने पुढे जायला हवं. आणि एका ठिकाणी जीन टेस्ट खरोखर करायलाच हवी, तिथे आपण करत नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल प्रचंड वजन वाढवत असेल, सतत भुकेने रडत असेल, तर "गुटगुटीत आहे, खात्यापित्या घरचं" म्हणून कौतुक करू नका, स्पेशालिस्टकडे न्या. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत भावंडांत लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोनच बनत नसल्याचं शोधलं, आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची होती. लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर तिची ती न शमणारी भूक शमली. असे दोष जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त सापडतात, आणि मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडेही होतीच, काही घरांत अजून आहे. अशा एका मुलाची टेस्ट फुकट व्हावी यासाठी मी मोर्चात यायला तयार आहे. चाळीस वर्षांच्या धडधाकट मॅनेजरची सोसायटीच्या फंडातून व्हावी, यासाठी नाही.

फंड असेल तर काय करायचं? टेप आणा, शिंप्याकडची, वीस-तीस रुपयांची. आमच्या क्लबहाऊसमध्ये एकदा उत्साहाने हा कार्यक्रम झाला आणि पहिल्याच मिनिटाला गंमत कळली, पुरुष मंडळी टेप लावतात ढेरीच्या खाली, जिथे पट्टा बांधतात तिथे. "माझी ३४ ची पँट आहे हो, कॉलेजपासून." अहो काका, पँट ३४ चीच आहे, ती फक्त दरवर्षी खाली खाली सरकतेय. शेवटची बरगडी आणि कंबरेचं वरचं हाड, त्यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. काका ९८ निघाले. बीएमआय त्यांचा २३.५. बारीक म्हणून आजवर कुणी त्यांची साखरही तपासली नव्हती. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी सर्व्हेत बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के आणि पोटाच्या मापाने लठ्ठ ३९.५ टक्के होते, म्हणजे किमान दहातला एकजण असा, वजनकाट्याला न सापडणारा. हे काका म्हणजे तोच दहातला एकजण.

सरकारी यंत्रणेला हे माहीत नाही असंही नाही. आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचा घेर आहे, तंबाखू-दारू आहे, व्यायाम आहे, आणि आईवडिलांना बीपी-डायबेटीस होता का हेही आहे. घरातल्या इतिहासाचा तो एक प्रश्न म्हणजे फुकटातली जीन टेस्टच आहे जवळजवळ. पण आशाताई गावठाणात जातात, झोपडपट्टीत जातात, टॉवरच्या गेटवर मात्र वॉचमन त्यांना "कुणाकडे जायचंय, ॲपवर अप्रूव्हल येऊ दे" म्हणून उभं ठेवतो आणि वरून कुणी अप्रूव्ह करत नाही. त्याच गेटमधून डीएनएवाला मुलगा स्टँडी घेऊन आत.

आणि चालायला जागा. घोडबंदर रोडला संध्याकाळी दोन किलोमीटर चालून दाखवा, फूटपाथ मध्येच गायब, मेट्रोचे पत्रे, पुढे सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारी बाईक. नवी मुंबई त्या मानाने नशीबवान, नेरूळला चालायला ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान आहे, सेक्टरांत बागा आहेत, पण स्टेशनपासून घरापर्यंतचा फूटपाथ गाड्या लावायला वापरायचा हे इथंही ठरूनच गेलंय. ज्याच्या जीन्समध्ये रिस्क जास्त त्याला तर रोजची चाल जास्त गरजेची, अंगमेहनतीने कमी होणारे ते २७ टक्के त्याच्यासाठीच आहेत. त्याला लाल बाणाचा रिपोर्ट द्यायचा आणि पायाखालचा फूटपाथ काढून घ्यायचा, याला वेलनेस म्हणायचं? चिलीमध्ये २०१६ पासून साखर-मीठ-फॅट जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोनी शिक्का मारतात, आपल्याकडे त्यावर वर्षानुवर्षं नुसतं घोळत बसलेत. शाळेच्या डब्यात जाणाऱ्या बिस्किटाच्या पुड्यावर तो शिक्का आला तर सगळ्या जीन्सच्या मुलांचा एकदमच फायदा होईल, कुणाची थुंकी गोळा न करता.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला माझा प्रस्ताव तयार आहे. डीएनए कॅम्पला ज्याला जायचं त्याने स्वतःच्या खिशातून जावं, बंदी नको. फंडातून तिशीच्या वरच्या सगळ्यांची कंबर, बीपी आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), बारीक दिसणाऱ्यांचीसुद्धा, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन आणि बी-१२, घरकामाला येणाऱ्या मावशी आणि वॉचमन धरून. आणि गेटवर आशाताईंचं नाव कायमचं अप्रूव्हड लिस्टमध्ये टाकायचं. कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी आपापल्या एचआरला विचारा, वार्षिक मेडिकलच्या फॉर्मवर उंची असते, वजन असतं, चष्म्याचा नंबरसुद्धा असतो, कंबरेचा रकाना आहे का बघा.